मोटारींची परीक्षणे कितपत विश्वासार्ह?

घर सोडले तर मोटार ही मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी असते. ती करताना गाठीशी असलेला स्वतःचा अनुभव मात्र तोकडा. शोरूमच्या माणसाला शेजारी बसवून तीन-चार किलोमीटरची फेरी मारायची, तीही बहुधा सपाट रस्त्यावर आणि मागची सीट रिकामी असताना. बाकी सगळी भिस्त दुसऱ्यांच्या शब्दांवर. हे शब्द मासिकांतून, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून, व्हिडिओंमधून, ग्राहक संस्थांच्या अहवालांतून आणि शेजारच्या मालकाकडूनही येतात. एकाच गाडीबद्दल ते इतके वेगवेगळे बोलतात की वाचणारा दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर ‘सगळे कंपन्यांचे मिंधे’ म्हणून सारेच बाजूला सारतो, नाहीतर एखाद्या परीक्षकाचे पाच तारे पाहून पैसे भरून येतो.

ही दोन्ही टोके पुराव्याला धरून नाहीत. या वादाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात खटले झाले, अभ्यास झाले, बक्षिसे परत गेली आणि परीक्षणामुळे गाड्या सुधारल्याही. हा वाद आज कुठे पोहोचला आहे, याचा हा आढावा.

दोन परंपरा

मोटार-परीक्षणाच्या दोन परंपरा वेगवेगळ्या गरजांतून निघाल्या. त्या वेगळ्या ठेवल्याशिवाय पुढचा वाद समजत नाही.

पहिली परंपरा मोटारीच्या हौशीतून आली. ब्रिटनचे ‘ऑटोकार’ १८९५ सालचे. ठरावीक पद्धतीने गाडी चालवून, मोजमापे घेऊन रस्ता-चाचणी छापण्याची प्रथा त्याने १९२८मध्ये सुरू केली. अमेरिकेत टॉम मॅकहिल १९४६पासून ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’मध्ये गाड्यांवर रोखठोक लिहू लागले. गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी ६० मैलांचा वेग किती सेकंदांत घेते, हे माप रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आपल्याकडच्या ‘शून्य ते शंभर’चे मूळ तेच. मग १९४९मध्ये ‘मोटर ट्रेंड’ आले. १९५५मध्ये ‘स्पोर्ट्स कार्स इलस्ट्रेटेड’ नावाने निघालेले मासिक १९६१पासून ‘कार अँड ड्रायव्हर’ झाले. ही सगळी नियतकालिके जाहिरातींवर चालत, आणि त्यांत मोठा वाटा मोटार कंपन्यांचाच असे.

दुसरी परंपरा ग्राहक चळवळीची. अमेरिकेत १९३६मध्ये कन्झ्युमर्स युनियन स्थापन झाली. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे तिचे नियतकालिक. जाहिरात घ्यायची नाही, वस्तू बाजारातून स्वतः विकत घ्यायची आणि आपला निष्कर्ष कंपनीला जाहिरातीत वापरू द्यायचा नाही, हे तिचे नियम. ब्रिटनमध्ये १९५७मध्ये ‘विच?’ आणि जर्मनीत १९६४मध्ये ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ याच वळणावर उभे राहिले.

भारतात दोन्ही परंपरा उशिरा आल्या, कारण गरजच नव्हती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी किंवा उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसिडर यांसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागत असताना ‘कोणती घ्यावी’ हा प्रश्न कोण विचारणार? १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पण खरी निवड करण्याची वेळ १९९१नंतरच्या दशकात आली. १९९८ या एका वर्षात सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका अवतरल्या. ‘ओव्हरड्राइव्ह’ १९९८मध्ये आणि ‘ऑटोकार इंडिया’ १९९९मध्ये निघाले, हा योगायोग नाही. मासिकांची परंपरा रुजली. ग्राहक चळवळीची शाखा मात्र मोटारीपर्यंत पोहोचली नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून काम करते आहे आणि तिने घरगुती खरेदीत मोठा फरक घडवला. पण दरवर्षी डझनावारी गाड्या विकत घेऊन तपासायच्या तर लागणारे भांडवल आपल्याकडच्या कोणत्याही ग्राहक संस्थेच्या आवाक्याबाहेरचे आहे. आजच्या भारतीय वाचकाची अडचण बऱ्याच अंशी या पोकळीतून आली आहे.

पैसा कोणाचा, गाडी कोणाची

मासिकांवरचा मुख्य आक्षेप उघड आहे. ज्यांच्या मालाचे परीक्षण करायचे त्यांच्याच जाहिरातींवर घर चालते. शिवाय परीक्षणाची गाडी कंपनीकडून येते, आणि नव्या मॉडेलच्या पहिल्या चाचणीसाठी उदयपूर किंवा गोव्याला नेण्याचा, राहण्याचा खर्चही बहुधा कंपनीच करते. आलेली गाडी सर्वांत वरच्या व्हेरियंटची, तपासून, टायरमध्ये हवा अचूक भरून दिलेली असते. वाचक घेतो मधले व्हेरियंट. त्याचे टायर वेगळे असतात, मागच्या सीटला एसीचे झरोके असतीलच असे नाही. परीक्षण कितीही प्रामाणिक असले तरी वाचकाने घेतलेली गाडी आणि परीक्षण झालेली गाडी यांत हे अंतर राहते.

कधी हे अंतर याहून मोठे असते. १९६४च्या मार्चमध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ने पाँटिअ‍ॅक जीटीओची तुलना फेरारीच्या त्याच नावाच्या गाडीशी केली आणि पाँटिअ‍ॅकचे अमाप कौतुक केले. त्या लेखाने मासिकाचे नाव झाले, गाडीचेही. चाचणीला दिलेल्या गाडीत ३८९ घनइंचांऐवजी ४२१ घनइंचांचे मोठे इंजिन बसवलेले होते, हे पाँटिअ‍ॅकच्या जाहिरातीचे काम पाहणारे जिम वँगर्स यांनी पुढे आपल्या आठवणींत मान्य केले. त्याला तोवर काही दशके उलटली होती. २०११मध्ये ब्रिटिश परीक्षक ख्रिस हॅरिस यांनी फेरारी परीक्षकांना खास तयार केलेल्या गाड्या देते, असा आरोप जाहीर लेखातून केला.

जाहिरातीचा दबाव क्वचितच उघडपणे दिसतो. तो दिसला २००५मध्ये. ‘लॉस एंजलिस टाइम्स’चे मोटार-समीक्षक डॅन नील यांना त्याच्या आदल्याच वर्षी समीक्षेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. त्यांनी पाँटिअ‍ॅक जी-सिक्सवर लिहिताना जनरल मोटर्सच्या नेतृत्वावरच बोट ठेवले. कंपनीने वृत्तपत्राला दिलेल्या जाहिराती काढून घेतल्या आणि त्या काही महिन्यांनी परत सुरू झाल्या. वृत्तपत्राने समीक्षकाची पाठराखण केली. मात्र एवढे मोठे वृत्तपत्र जे सोसू शकले ते चार माणसांच्या मासिकाला सोसेल का, हा प्रश्न या घटनेनंतर राहिलाच.

सुट्या घटनांवरून निष्कर्ष काढणे बरे नव्हे, म्हणून अभ्यास पाहावे लागतात. राल्फ डेवेंटर आणि उलरिख हाइमेशोफ या अर्थशास्त्रज्ञांनी एका आघाडीच्या जर्मन मोटार-मासिकातले चाचणीचे गुण आणि जाहिरातींचे प्रमाण यांचा संबंध तपासला. जाहिरात जास्त तिथे गुणही थोडे वर जातात, असे त्यांना आढळले. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासाने दैनिकांनी दिलेल्या ‘रिकॉल’च्या, म्हणजे दोषामुळे गाड्या परत बोलावल्याच्या, बातम्या तपासल्या. जो उत्पादक दैनिकात जास्त जाहिराती देतो त्याच्या रिकॉलला कमी जागा मिळते, असे त्यात दिसले. दोन्ही अभ्यासांचा अर्थ एकच निघतो: परिणाम आहे. मात्र सगळी परीक्षणे विकत घेतलेली असतात, असे त्यांपैकी एकही अभ्यास म्हणत नाही. पारडे जरा झुकते, आणि ते बहुधा मौनाच्या बाजूने झुकते. टीका लिहिलीच जात नाही, किंवा शेवटच्या परिच्छेदात सौम्य होऊन येते.

मासिकांची बाजू

या आक्षेपांना मासिकांचे उत्तर आहे आणि ते वजनदार आहे. पहिला मुद्दा तुलनेचा. सामान्य माणूस आयुष्यात चार-पाच गाड्या वापरतो, तर परीक्षक महिन्यात त्याहून जास्त चालवतो. स्टिअरिंगचा हलकेपणा, वळणावर गाडीचे कलणे, क्लचचे जडपण, खड्ड्यातून जाताना मागच्या सीटला बसणारा धक्का या गोष्टी तुलनेशिवाय कळत नाहीत. दुसरा मुद्दा पत राखण्याचा. वाचक एकदा फसला की पुढचा अंक घेत नाही, हा धाक जाहिरातदाराच्या धाकाइतकाच खरा आहे.

तिसरा मुद्दा घडलेल्या कामाचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९९७च्या ऑक्टोबरात ‘टेक्निकेन्स वार्ल्ड’ या स्वीडिश मासिकाने मर्सिडीजच्या नव्या ए-क्लासची ‘मूस’ चाचणी घेतली. रस्त्यात अचानक मूस, म्हणजे भलेमोठे हरीण, आले तर चालक जसे स्टिअरिंग झटकन एकीकडे आणि लगेच दुसरीकडे फिरवेल, तसे ते वळण असते. गाडी उलटली. जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित उत्पादकांपैकी एकाची, वाजतगाजत आलेली गाडी, आणि ती एका छोट्या देशातल्या मासिकाने उलटवून दाखवली. सुरुवातीच्या आढेवेढ्यांनंतर कंपनीने गाड्या देणे थांबवले, सस्पेन्शन बदलले आणि घसरण रोखणारी ईएसपी ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली. तोवर ईएसपी ही महागड्या गाड्यांपुरती गोष्ट होती. लहान गाड्यांपर्यंत ती लवकर येण्यात या चाचणीचा मोठा वाटा आहे. हे मासिकही जाहिराती घेणारेच होते.

आपल्याकडच्या मासिकांतही कडक परीक्षणे येतात, पण त्यांची भाषा ओळखावी लागते. ‘शहरासाठी ताकद पुरेशी आहे’ असे लिहिले असेल तर भरलेली गाडी कशेडीच्या चढावर दमते, असे समजावे. ‘राइड किंचित घट्ट’ म्हणजे मागे बसलेल्या आजीला प्रत्येक गतिरोधक जाणवणार. ‘मायलेज चालवण्याच्या पद्धतीवर अवलंबून’ हे वाक्य चांगल्या आकड्याबरोबर फारसे येत नाही. म्हणून एकट्या गाडीच्या पहिल्या चाचणीपेक्षा चार गाड्या समोरासमोर ठेवून केलेली तुलना जास्त भरवशाची. तिथे कोणाला तरी चौथ्या क्रमांकावर ठेवावे लागते आणि त्याची कारणे लिहावी लागतात.

विकत घेऊन तपासणारे

‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ दरवर्षी पन्नासच्या आसपास गाड्या सामान्य ग्राहक बनून विकत घेते आणि कनेटिकट राज्यातल्या स्वतःच्या चाचणी केंद्रात हजारो मैल चालवते. पैशाचा प्रश्न इथे मुळातच सुटतो, आणि त्याची फळेही दिसली आहेत. २०११मध्ये तिने नव्या होंडा सिव्हिकची शिफारस करायला नकार दिला. सिव्हिकसारख्या लाडक्या गाडीला हा धक्का होता. होंडाने पुढच्याच मॉडेल-वर्षात गाडी बरीच सुधारली. फोर्ड सी-मॅक्स हायब्रिड गॅलनला ४७ मैल जाते, असे कंपनीचे लेबल सांगत होते. म्हणजे लिटरला सुमारे २० किलोमीटर. संस्थेला २०१२मध्ये ३७ मैलच मिळाले, लिटरला सुमारे पावणेसोळा. पुढच्या वर्षी फोर्डने लेबलवरचा आकडा ४३वर आणला.

तरीही ही परंपरा निर्दोष नाही. १९८८मध्ये संस्थेने सुझुकी सामुराई उलटण्याचा धोका असल्याचे सांगून तिला ‘अस्वीकारार्ह’ ठरवले. सुझुकीने १९९६मध्ये दावा लावला. तो २००४मध्ये समेटाने मिटला आणि आपले म्हणणे फक्त अपघात टाळण्याच्या तीव्र वळणांपुरते होते, असे संस्थेला स्पष्ट करावे लागले. इसुझू ट्रूपरच्या खटल्यात २००० साली ज्यूरीने कंपनीला भरपाई दिली नाही, पण संस्थेची काही विधाने चुकीची ठरवली. दोन्ही खटल्यांनी एक गोष्ट दाखवली: चाचणी स्वतंत्र असली तरी तिची रचना आणि शब्दयोजना वादग्रस्त असू शकते. रसिकांचा आक्षेप वेगळाच आहे. ही संस्था मोटारीकडे फ्रिजकडे पाहावे तसे पाहते आणि चालवण्याचा आनंद तिच्या गुणांत मावत नाही, असे ते म्हणतात.

संस्था सदस्यांची असली म्हणजे स्वच्छ असतेच, हा समज २०१४मध्ये जर्मनीत मोडला. एडीएसी हा लक्षावधी सदस्यांचा मोटारचालक संघ. ‘जर्मनांची आवडती गाडी’ या त्याच्या पुरस्कारात फोक्सवॅगन गोल्फला ३४,२९९ मते पडल्याचे जाहीर झाले, प्रत्यक्षात ती ३,४०९ होती. प्रसिद्धीप्रमुख गेले, मग अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि काही कंपन्यांनी जुने पुरस्कार परत केले. इथे जाहिरातदाराने दबाव आणला नव्हता. आपला पुरस्कार मोठा दिसावा हा मोह पुरेसा ठरला.

जे आठवड्यात कळत नाही

‘पैसा कोणाचा’ या प्रश्नाने वादाची बरीच जागा व्यापली आहे. माझ्या मते तितकाच मोठा प्रश्न ‘किती दिवस’ हा आहे. परीक्षकाकडे गाडी दोन दिवस ते आठवडाभर असते आणि खरेदीदाराकडे आठ-दहा वर्षे. संपूर्ण प्रामाणिक माणूससुद्धा आठवड्यात जे दिसत नाही ते सांगू शकत नाही.

१९७१मध्ये ‘मोटर ट्रेंड’ने शेव्हरोले व्हेगाला वर्षातली सर्वोत्तम गाडी म्हटले. नवी व्हेगा चालवायला खरोखर चांगली होती. गंजणारा पत्रा आणि तापून निकामी होणारे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन मालकांना नंतर भेटले. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’लाही हे चुकले नाही. २०१५मध्ये टेस्ला मॉडेल एसच्या एका आवृत्तीला तिच्या पद्धतीने शंभरपैकी १०३ गुण मिळाले, म्हणून मोजपट्टीच बदलावी लागली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मालकांच्या सर्वेक्षणातून इतक्या तक्रारी आल्या की शिफारस मागे घेतली गेली. एकाच संस्थेच्या दोन हातांनी काही महिन्यांच्या अंतराने दोन विरुद्ध उत्तरे दिली आणि दोन्ही बरोबर होती.

काही दोष तर चालवून कधीच कळत नाहीत. फोक्सवॅगन जेट्टाच्या डिझेल आवृत्तीला २००९चा ‘ग्रीन कार’ पुरस्कार मिळाला होता. धुराच्या चाचणीत फसवणारे सॉफ्टवेअर त्या गाडीत आहे हे २०१५मध्ये उघड झाले. त्याची सुरुवात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी गाडीला उपकरणे जोडून रस्त्यावर घेतलेल्या मापांतून झाली. पुरस्कार नंतर परत गेला. इतक्या वर्षांत एकाही परीक्षकाला हे सापडले नाही, याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून मालकांचे अनुभव महत्त्वाचे. ‘टीम-बीएचपी’ या संकेतस्थळावर भारतीय मालक २००४पासून हजारो किलोमीटरनंतरचे हिशेब लिहीत आले आहेत. कोणता बुश कधी गेला, क्लच प्लेट किती किलोमीटरला बदलली, सर्व्हिस सेंटरने वॉरंटीत काय नाकारले, हे सगळे तिथे सापडते. पण मालकही तटस्थ नसतो. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीची निवड बरोबर होती असे वाटण्याची ओढ असते, आणि ज्याची गाडी भर पावसात बंद पडली तो इतरांहून जास्त लिहितो. शिवाय एका मालकाला एकच गाडी माहीत असते. ही उणीव सर्वेक्षणे भरून काढतात. जे. डी. पॉवर ही संस्था नव्वद दिवसांनंतर आणि तीन वर्षांनंतर मालकांना विचारून शंभर गाड्यांमागे किती अडचणी आल्या ते सांगते. तिथेही फोन स्क्रीनला जोडला जात नाही ही तक्रार आणि गिअरबॉक्स गेल्याची तक्रार एकेकच मोजली जाते. पुरस्काराचे नाव जाहिरातीत वापरायचे तर कंपनीला पैसे मोजावे लागतात.

आकडे आणि तारे

आपल्याकडे गाडीबद्दलचा पहिला प्रश्न ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हाच असतो. पुण्यात १९६६पासून असलेल्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्था प्रमाणित आकडा देतात. तो प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक चक्रात मिळालेला असतो. या चक्रात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला, आपला महिन्याचा पेट्रोलखर्च काढायला फसवा. मासिकांनी शहरात आणि महामार्गावर टाकी भरून मोजलेले आकडे वास्तवाच्या जवळ असतात. या एका बाबतीत भारतीय मासिकांनी वाचकांची मोठी सेवा केली आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांनी हा मुद्दा आणखी तीव्र केला. २०२०मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता, परीक्षकांच्या मोजणीत तो दोनशेच्या आसपास येत होता. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून दिल्ली सरकारने २०२१मध्ये या गाडीचे अनुदान थांबवले, कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली. २०२४मध्ये टाटाने प्रमाणित पल्ल्याबरोबर, तीन-चतुर्थांश ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल असा ‘सी-७५’ पल्लाही सांगायला सुरुवात केली. तो कंपनीचा स्वतःचा आकडा आहे, पण परीक्षक जे सांगत होते त्याच्या तो जवळ आला.

जुन्या परीक्षणांतले पेट्रोलचे आकडेही आता जपून वाचावे लागतात. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सगळीकडे आल्यावर मायलेज घटल्याच्या तक्रारी वाढल्या. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत सहा ते सात टक्के घट अपेक्षिली होती, तर दहा टक्क्यांसाठी रचून वीससाठी जुळवलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के. २०१८ साली मोजलेला आकडा त्या वेळी खरा असला तरी आज तो तसाच लागू पडत नाही.

सुरक्षिततेबाबत मासिके तर फारच लंगडी होती. दार लावताना येणाऱ्या भरीव आवाजावरून बांधणी जोखली जाई. २०१४च्या जानेवारीत गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने ताशी ६४ किलोमीटरला अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो आदळवल्या. बिनएअरबॅगच्या या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. फिगो आणि पोलोचा सांगाडा टिकला, म्हणजे दाराचा आवाज पोलोबद्दल अगदीच खोटे सांगत नव्हता. पण एअरबॅगशिवाय तो सांगाडा आतल्या माणसाला पुरेसा नव्हता. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. २०१८च्या अखेरीस नेक्सॉनने पाच तारे मिळवले आणि तेव्हापासून तारे जाहिरातीत झळकू लागले. आपली अशीच भारत एनकॅप ही योजना १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झाली. त्यात गाडी चाचणीला द्यायची की नाही हे सामान्यतः उत्पादक ठरवतो आणि खर्चही तोच करतो. चाचणीची पद्धत नियमबद्ध आहे, म्हणून जे तारे मिळतात त्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. ज्या गाड्या चाचणीला आल्याच नाहीत त्यांच्याबद्दल मात्र ही यंत्रणा काहीच सांगत नाही.

व्हिडिओंचा काळ आणि नियम

आज मराठीत गाडीची माहिती शोधणारा बहुधा व्हिडिओ पाहतो. त्याचे फायदे खरे आहेत. डिकीत किती बॅगा बसतात, सहा फुटांचा माणूस मागे कसा बसतो हे दिसते, आणि मुंबई-पुण्याच्या इंग्रजी मासिकांना न सुचणारे प्रश्न विचारले जातात. मासिकांच्या चाचण्या बऱ्याचदा द्रुतगती मार्गावर आणि लवासाच्या घाटात होतात. अकोल्याच्या मे महिन्यात एसी किती वेळात गाडी थंड करतो, काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर गाडीचे पोट घासते का, हे मराठी व्हिडिओकर्ते जास्त सांगतात.

अडचण उत्पन्नाच्या रचनेची आहे. मासिकात निदान जाहिरातीचे पान आणि परीक्षणाचे पान वेगळे असे. व्हिडिओत बोलणारा माणूसच संपादक, परीक्षक आणि जाहिरात विभाग असतो. जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये अशा प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ची, आणि सरकारने जानेवारी २०२३मध्ये आणखी स्पष्ट सूचना दिल्या. पैसे, फुकट वस्तू, सहल, हॉटेलातला मुक्काम यांपैकी काहीही मिळाले असेल तर प्रेक्षकाला ते सहज दिसेल, कळेल अशा रीतीने सांगावे, असा त्यांचा आशय आहे.

कंपनीने चार दिवसांसाठी दिलेली गाडी आणि गोव्याची सहल हा ‘लाभ’ की पत्रकारितेची नेहमीची सोय, यावर मतभेद आहेत. एका बाजूचे म्हणणे, नियमाचा अर्थ सरळ आहे आणि मासिकांनीही प्रत्येक परीक्षणाखाली ते लिहावे. दुसरी बाजू म्हणते, चित्रपट समीक्षकाला खेळ दाखवला म्हणून कोणी जाहीर घोषणा करत नाही. मला पहिली बाजू जास्त पटते. एका ओळीने परीक्षणाची किंमत कमी होत नाही, वाचकाला मात्र वजन ठरवता येते.

काय अनिर्णित आहे

एक नवा प्रश्न सॉफ्टवेअरने उभा केला आहे. २०१८मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ला टेस्ला मॉडेल ३ ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट लागले, म्हणून तिने शिफारस नाकारली. कंपनीने काही दिवसांत दूरवरून सॉफ्टवेअर बदलले, अंतर १३३ फुटांवर आले आणि शिफारस मिळाली. दोष इतक्या लवकर दुरुस्त होणे चांगलेच. पण परीक्षण झालेली गाडी सहा महिन्यांनी तीच राहत नसेल तर परीक्षणाला मुदत असावी का, आणि कोणत्या आवृत्तीवर ते केले हे छापावे का? यावर एकमत नाही, प्रथाही पडलेली नाही.

दुसरा प्रश्न घाईचा. १९९८-९९मध्ये इंडिकाची नोंदणी लाखाच्या वर गेली ती मालकांचा कसलाही अनुभव जमा होण्याआधी. सुरुवातीच्या तक्रारींनंतर सुधारलेली ‘व्ही-टू’ २००१मध्ये आली. २०२४च्या ऑक्टोबरात थार रॉक्सची १,७६,०००हून अधिक नोंदणी पहिल्या तासात झाली, तेव्हाही एकाही ग्राहकाच्या हाती गाडी पडलेली नव्हती. पहिल्या महिन्यात जिला सर्वाधिक वाचक मिळतात ती चाचणी सर्वांत कमी माहितीची असते, आणि वर्षभर वापरून लिहिलेला अहवाल येईपर्यंत वाचक पुढच्या गाडीकडे वळलेला असतो. मासिकांना हे माहीत आहे. त्यांचे अर्थकारण मात्र पहिल्या महिन्यावर चालते.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न टिकाऊपणाच्या खुल्या माहितीचा. अमेरिकेत महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे आलेल्या तक्रारी कोणालाही मॉडेलनुसार वाचता येतात, आणि विमाकंपन्यांनी चालवलेली संस्था कोणत्या मॉडेलवर किती नुकसानीचे दावे येतात ते प्रसिद्ध करते. आपल्याकडे २०१९च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने सक्तीच्या रिकॉलची तरतूद केली आणि तिचे नियम एप्रिल २०२१पासून लागू झाले. मालकाला सरकारकडे तक्रार नोंदवता येते. विम्याच्या दाव्यांची माहिती हैदराबादच्या इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे २००९पासून जमा होते आहे. सर्व्हिस सेंटरांतल्या जॉब कार्डांत तर प्रत्येक बदललेल्या सुट्या भागाची नोंद आहे. ही माहिती मॉडेलवार, मालकांची नावे वगळून खुली करायची की ती कंपन्यांचे व्यापारी गुपित मानायची, हे धोरणकर्त्यांनी अजून ठरवायचे आहे.